झेडपी नसलेलं तिकीट

आपल्याकडे झेडपी म्हटलं की जिल्हा परिषद. झेडपीची शाळा, झेडपीचा रस्ता, झेडपीचं तिकीट कुणाला मिळणार याच्या पारावरच्या गप्पा. आमच्या ऑफिसात मात्र झेडपी हा अमेरिकेतला एक कर आहे. तिथल्या देशांतर्गत विमानप्रवासात दर टप्प्यामागे ठरावीक डॉलर द्यावे लागतात आणि तिकिटाच्या हिशेबात ते ‘झेडपी’ या दोन अक्षरांखाली दिसतात. खाली जे प्रकरण मांडतोय त्यात हा झेडपी एका खेडेगावाशीच येऊन अडला होता. चूक आमची होती, त्यातली निम्मी तर माझी स्वतःची.

पुण्यात खराडीला बसून आम्ही एका परदेशी विमान कंपनीच्या तिकिटांचा हिशेब तपासतो. एजंटनं तिकीट काढताना भाडं बरोबर लावलं का, कर पुरते घेतले का, हे बघायचं. कमी घेतलं असेल तर एजंटच्या नावानं डेबिट मेमो, म्हणजे फरकाच्या वसुलीची चिठ्ठी, फाडायचा. बरीचशी तपासणी सॉफ्टवेअर करतं. त्याला खटकलेली तिकिटं आमच्यापुढे येतात. जानेवारी २०२४ मध्ये असंच एक तिकीट बाजूला पडलं. शेरा होता, झेडपी १० डॉलर कमी.

प्रवास असा: ग्लासगो ते बिलिंग्ज, बिलिंग्ज ते डेन्व्हर, आणि त्याच वाटेनं परत. चार टप्पे. २०२४ चा दर टप्प्याला ५ डॉलर. चार पंचे वीस. तिकिटावर दहाच घेतलेले. भाड्याच्या हिशेबाची जी लांबलचक ओळ असते, तिच्या शेवटी झेडपीपुढे, कर लागलेला टप्पा जिथून निघतो त्या विमानतळाचा कोड येतो; इथे फक्त बिलिंग्ज आणि डेन्व्हर हे दोनच कोड होते. ग्लासगोचा कोड नव्हता, आणि डेन्व्हरहून परत येताना बिलिंग्जला बदललेल्या विमानाचाही मागमूस नव्हता.

टीममध्ये नुकत्याच आलेल्या मुलीनं मेमो तयार केला आणि मंजुरीला माझ्याकडे पाठवला. रात्रीची शिफ्ट, समोर दीडशे तिकिटांची रांग. चार पंचे वीस एवढं मी बघितलं आणि मेमो सोडला.

दहाएक दिवसांनी एजन्सीचा आक्षेप आला. अमेरिकेतली छोटी एजन्सी असावी. उत्तर एका ओळीचं: ग्लासगो ग्रामीण विमानतळ आहे, यादी पाहावी.

“सर, ग्लासगो ग्रामीण?” ती खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाली. “तिथे तर जमिनीखालून मेट्रो धावते!”

मेट्रो धावते ती स्कॉटलंडच्या ग्लासगोत, तीही १८९६ पासून. तिकिटावरचा कोड होता जीजीडब्ल्यू. हे ग्लासगो अमेरिकेच्या मोन्टाना राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळ, मिल्क नदीच्या काठी. वस्ती सव्वातीन हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या गावात ग्रामपंचायत असते आणि एसटी दिवसातून चार वेळा येते. गावाचं नाव कसं पडलं याची एक गोष्ट तिथे सांगतात. रेल्वे टाकताना कुणा कारकुनानं पृथ्वीचा गोल फिरवला, बोट ठेवलं, ते ग्लासगोवर पडलं, झालं बारसं. गोष्ट खरी असो वा नसो, आमच्याकडचा घोटाळा त्या बोटापासूनच सुरू होतो असं म्हणायला हरकत नाही.

तिकिटावर नेमकं काय काय लागतं

आक्षेप आल्यावर आम्ही दोघं कॉफी घेऊन बसलो आणि पहिल्यापासून उलगडलं.

अमेरिकेत देशांतर्गत विमानप्रवासावर केंद्र सरकारचे दोन कर लागतात. एक भाड्याच्या प्रमाणात, ७.५ टक्के. दुसरा हा झेडपी, भाडं कितीही असलं तरी टप्प्यामागे ठरावीक. टप्पा म्हणजे एकदा उडणं आणि एकदा उतरणं. दोन्ही करांचा पैसा १९७० साली स्थापन झालेल्या विमानतळ आणि हवाईमार्ग निधीत जातो, आणि त्यातून हवाई वाहतूक नियंत्रण आणि विमानतळांची कामं चालतात. याशिवाय ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आलेलं सुरक्षा शुल्क असतं, एका बाजूच्या प्रवासाला ५.६० डॉलर; आणि विमानतळाचं स्वतःचं सुविधा शुल्क असतं, जास्तीत जास्त ४.५० डॉलर. ही दोन वेगळी प्रकरणं. ग्रामीण सवलतीचा सुरक्षा शुल्काशी काही संबंध नाही, तरी एजंट मंडळी कधी कधी तिथेही सूट लावून मोकळी होतात.

सवलत आहे ती फक्त झेडपीला. ज्या टप्प्याचं एक टोक ग्रामीण विमानतळावर आहे, त्या टप्प्याला झेडपी नाही. विमान तिथून उडो वा तिथे उतरो. ७.५ टक्के मात्र सगळ्यांना.

म्हणजे आमच्या तिकिटावर ग्लासगो–बिलिंग्ज माफ, बिलिंग्ज–डेन्व्हरला ५, डेन्व्हर–बिलिंग्जला ५, बिलिंग्ज–ग्लासगो माफ. एकूण दहा. एजंटनं घेतलेत तेवढेच. परतीच्या वाटेवर बिलिंग्जचा कोड का दिसत नव्हता तेही आता कळलं: तिथून उडालेलं विमान ग्लासगोला उतरणार होतं.

इथपर्यंत पाच मिनिटांत झालं. पण ती मुलगी चिकट. “पण सर, अशी सूट द्यायचीच कशाला? पाच डॉलरनं कुणाचं काय अडतं?” हा प्रश्न मी इतकी वर्षं स्वतःला विचारला नव्हता. यादी असते, यादीत नाव असलं की सोडायचं, एवढंच.

१९९७ चं भांडण

आधी अमेरिकेत एकच कर होता, भाड्याच्या १० टक्के. १९९५ च्या अखेरीस त्याची मुदत संपली आणि पुढचं सव्वा वर्ष तो कधी लागू तर कधी बंद असा रखडत चालला. या काळात मोठ्या सात विमान कंपन्यांनी मागणी लावून धरली की कर भाड्यावर नको, माणशी आणि अंतरावर घ्या. त्यांचं म्हणणं असं की हवाई नियंत्रण कक्षाला स्वस्त तिकिटाचं विमान आणि महाग तिकिटाचं विमान सांभाळायला सारखेच कष्ट पडतात. स्वस्त भाड्याच्या कंपन्या, त्यात साउथवेस्ट पुढे, खवळल्या. कारण उघड होतं.

कागदावर आकडे मांडून बघा. ६० डॉलरचं तिकीट, एक टप्पा. जुन्या पद्धतीनं कर ६ डॉलर. ७.५ टक्के अधिक टप्प्याला ३ डॉलर धरले तर साडेसात. आता ६०० डॉलरचं तिकीट घ्या. जुन्या पद्धतीनं ६०, नव्यानं ४८. स्वस्तवाल्याचा कर वाढला, महागवाल्याचा घटला.

शेवटी मधला मार्ग निघाला. ५ ऑगस्ट १९९७ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या करसवलत कायद्यात दोन्ही पद्धती एकत्र बसवल्या. टक्केवारी १० वरून पायऱ्यापायऱ्यांनी ७.५ वर आणायची आणि टप्प्याचा कर १ डॉलरपासून सुरू करून ३ वर न्यायचा. तो पुढे महागाईशी जोडला गेला, म्हणून २०२४ ला ५ झाला.

पण टप्प्यावर कर म्हटलं की एक गट हमखास भरडला जातो. ज्याच्या गावाहून थेट विमान नाही तो. डेन्व्हरचा माणूस देशात बहुतेक ठिकाणी एका उड्डाणात पोचतो. ग्लासगोच्या माणसाला कुठेही जायचं तर आधी बिलिंग्ज, मग पुढे. दर वेळी एक टप्पा जास्त, आणि तो त्याच्या हौसेखातर नाही.

मी तिला बोर्डावर मांडून दाखवलं. २०० डॉलरचं भाडं धरू, एका बाजूचं. डेन्व्हरहून थेट जाणारा: १५ अधिक ५, वीस डॉलर. ग्लासगोहून बिलिंग्जमार्गे जाणारा, सवलत नसती तर: १५ अधिक १०, पंचवीस. सवलत धरून: १५ अधिक ५, वीस. दोघं एका पातळीवर आले. गावात राहिल्याबद्दल बक्षीस म्हणून हे पाच डॉलर सोडलेले नाहीत. आडगावी राहणाऱ्याला एक जादा विमान बदलावं लागतं, त्याचा कर त्याच्यावर नको, एवढाच हिशेब आहे. म्हणूनच सूट टप्प्याला चिकटलेली आहे. प्रवाशाला नाही आणि अख्ख्या तिकिटालाही नाही.

सुरुवातीची दोन वर्षं सूट आणखी मोठी होती. बाकीच्या प्रवासाला आधी ९ आणि नंतर ८ टक्के लागत असताना ग्रामीण टप्प्याला पहिल्यापासून ७.५ च होते. ऑक्टोबर १९९९ पासून सगळेच ७.५ वर आले आणि हा फरक मिटला. जुन्या टिपणांत हे वाचून कुणी कुणी अजून वेगळी टक्केवारी शोधत बसतं.

तीन दारं

आता मुख्य मुद्दा, ग्रामीण ठरतं कसं. इथे आपली समजूत आड येते. गाव लहान, आजूबाजूला शेती, धावपट्टीच्या कडेला गुरं चरताहेत, असलं काही कायद्यात नाही. वस्ती किती हेही विचारलेलं नाही.

पहिली अट सगळ्यांनाच आहे. दोन वर्षांपूर्वीच्या कॅलेंडर वर्षात त्या विमानतळावरून व्यावसायिक विमानांचे १ लाखापेक्षा कमी प्रवासी निघालेले असले पाहिजेत. २०२४ साठी २०२२ चा आकडा.

‘निघालेले’ या शब्दावर जरा थांबायला हवं. विमानतळ आपल्या बातम्यांत सांगतात तो आकडा बहुधा आलेल्या-गेलेल्यांचा मिळून असतो. वर्षाला १ लाख ८० हजार प्रवासी, असं वाचलं की हे काय ग्रामीण नव्हे, असं वाटतं. पण त्यातले निघालेले साधारण निम्मे. नव्वद हजार. अट पार.

पहिली अट पार झाली की पुढे तीन दारं आहेत, त्यांतलं कुठलंही एक उघडलं तरी चालतं. एक: ७५ मैलांच्या आत १ लाख किंवा जास्त प्रवासी निघणारा दुसरा विमानतळ नसावा. ७५ मैल म्हणजे साधारण १२० किलोमीटर, मुंबई आणि पुण्याच्या विमानतळांत जेवढं हवाई अंतर आहे जवळपास तेवढं. दोन: ५ ऑगस्ट १९९७ या दिवशी त्या विमानतळाला आवश्यक हवाई सेवा योजनेचं अनुदान मिळत असावं. अमेरिकेनं १९७८ साली विमान कंपन्यांवरची सरकारी बंधनं उठवली, तेव्हा लहान गावांची विमानं बंद पडू नयेत म्हणून ही योजना आणली होती. तीन: तिथून दुसऱ्या कुठल्याही विमानतळापर्यंत पक्का रस्ता नसावा. हे तिसरं दार २००५ साली बसवलं.

ग्लासगोचा विमानतळ यातून नेऊ. तिथून निघणारे प्रवासी वर्षाला काही हजार. त्या वेळी केप एअरची नऊ प्रवाशांची छोटी विमानं बिलिंग्जला जात-येत होती, सरकारी अनुदानावर. पहिली अट सहज पार. आता शेजारी कोण? बिलिंग्ज सरळ रेषेत सुमारे १९० मैल. पूर्वेला नॉर्थ डाकोटातलं विलिस्टन १३० मैलांवर. ग्रेट फॉल्स त्याहून कितीतरी लांब. ७५ मैलांच्या वर्तुळात गवत, गहू आणि फोर्ट पेक धरणाचं पाणी. २०१८ मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं प्रवासाला लागणाऱ्या वेळेच्या नकाशावरून हिशेब मांडला होता की अमेरिकेच्या सलग भूभागात मोठ्या शहरापासून सगळ्यात लांब पडलेलं, हजारावर वस्तीचं गाव कुठलं. उत्तर निघालं ग्लासगो. गावानं ते मनाला लावून न घेता मिरवलं.

म्हणजे पहिलं दार सताड उघडं. दुसरंही उघडंच, कारण बिग स्काय एअरलाइन्स १९८० पासून पूर्व मोन्टानातल्या अशा गावांना अनुदानावर सेवा देत होती आणि १९९७ मध्ये ती चालू होती. तिसऱ्या दाराशी जायचीही गरज नाही. आमच्याकडे जितके विमानतळ तपासायला येतात त्यांत इतकं नि:संशय उदाहरण शोधून सापडणार नाही. आणि नेमकं त्यावरच आम्ही मेमो फाडला होता.

मग सॉफ्टवेअरला कळलं का नाही

हे शोधायला मात्र दोन दिवस लागले. सॉफ्टवेअरमध्ये ग्रामीण विमानतळांचा तक्ता होता, त्यात ग्लासगोही होतं. पण यादी दर वर्षी नव्यानं लागू होते, म्हणून तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीला मुदत घातलेली होती: ३१ डिसेंबर २०२३. नव्या वर्षाची यादी चढवायचं काम कुणाच्या तरी कामांच्या यादीत अर्धवट पडलं होतं. १ जानेवारीच्या मध्यरात्री आमच्या लेखी अमेरिकेतली सगळी खेडी एका झटक्यात शहरं झाली.

ग्लासगोचं तिकीट पहिलं सापडलं एवढंच. त्या पंधरवड्यातले तसले आणखी मेमो आम्ही शोधून काढले आणि मागे घेतले. एजन्सीला पत्र गेलं. माफीचा मसुदा मी लिहिला, कारण सही माझी होती.

मेमो मागे घेणं हे निव्वळ सौजन्य नव्हतं. एजंटनं ते दहा डॉलर मुकाट्यानं भरले असते, तर पुढे त्यानं ते प्रवाशाकडे मागितले असते. हा कर प्रवाशाचा. विमान कंपनी फक्त गोळा करून तिमाही विवरणपत्रातून सरकारला भरते. जो कर लागूच नाही तो घेतला, तर कंपनीला तो गल्ल्यात टाकता येत नाही. उलट बाजूही आहे. लागू असलेला कर तिकिटाच्या वेळी घेतला गेला नाही, तर पहिला टप्पा उडवणाऱ्या कंपनीनं तो भरायचा, असं कायदा म्हणतो. ग्लासगोच्या तिकिटात ती कंपनी म्हणजे नऊ आसनांचं विमान चालवणारी. मोठ्या कंपनीच्या तिकिटातली चूक छोटीच्या गळ्यात पडू शकते, हे वाचून ती मुलगी बराच वेळ गप्प होती.

यादी हलते

तक्त्याला मुदत घातली होती तीही काही मूर्खपणानं नव्हे. यादी खरंच बदलते, आणि कधी विमानतळानं काही न करता बदलते.

२०२० चं वर्ष घ्या. कोविडमुळे अमेरिकी विमान कंपन्यांचे प्रवासी २०१९ च्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी घटले. त्या वर्षी मार्चअखेरपासून डिसेंबरपर्यंत संसदेनं हे करच माफ केले होते, पण माणसांची मोजणी थांबली नव्हती. आणि नियमात ‘दोन वर्षांपूर्वीचं वर्ष’ असल्यामुळे २०२० चे रिकामे टर्मिनल २०२२ च्या यादीत येऊन बसतात. समजा एखाद्या मध्यम विमानतळावरून २०१९ मध्ये १ लाख ४० हजार लोक निघाले, २०२० मध्ये ६० हजार, २०२१ मध्ये पुन्हा १ लाख १० हजार. तो २०२१ ला अपात्र, २०२२ ला पहिली अट पार, २०२३ ला पुन्हा अपात्र. २०२२ मध्ये तिथे विमानं खच्चून भरलेली असतील, तरी मोजणी महामारीतली.

त्यातही शेजाऱ्याचा खेळ आहे. ७५ मैलांच्या आतला मोठा विमानतळच जर त्या वर्षी १ लाखाखाली घसरला, तर तो मोठा राहत नाही आणि त्याच्या सावलीत अडकलेला लहान विमानतळ मोकळा होतो. स्वतःचा आकडा न बदलता पात्र! पुढे शेजारी सावरला की हा पुन्हा बाहेर.

कोड बदलण्याचीही कटकट असते. मघाच्या विलिस्टनमध्ये तेलाच्या भरभराटीत इतकी माणसं लोटली की जुना स्लाउलिन फील्ड पुरेना. ऑक्टोबर २०१९ मध्ये गावाबाहेर नवा विमानतळ सुरू झाला, नवा कोड घेऊन. गाव तेच, माणसं तीच, पण तक्त्याला फक्त तीन अक्षरं कळतात.

दुसऱ्या दाराबद्दल माझी तक्रार आहे. १९९७ मधली एक तारीख कायद्यात खिळा ठोकून बसवली आहे. त्या दिवशी अनुदान मिळत होतं का, एवढंच बघायचं; आज मिळतं का हे कुणी विचारत नाही. त्यानंतर ज्या गावाला अनुदानाची गरज पडली, त्याला या दारातून प्रवेश नाही, आणि त्या दिवशी यादीत असलेल्या गावाचं अनुदान पुढे सुटलं तरी दार उघडंच. कायदा ज्या दिवशी झाला त्या दिवसाचा फोटो काढून ठेवल्यासारखं आहे. सव्वीस वर्षांनी पुण्यातल्या पोरीला तो फोटो बघून निर्णय द्यायचा असतो.

तिसऱ्या दाराबाबत मात्र कायदा करणाऱ्यांनी डोकं वापरलं. हे मुख्यतः अलास्कासाठी. नोम किंवा कोट्झेब्यूला जायला रस्ताच नाही; भाजी, औषधं, वरात, अंत्ययात्रेचे पाहुणे, सगळं विमानानं. अशा गावांतून आसपासच्या वस्त्यांना रोज छोटी विमानं सुटतात, एसटीच्या फेऱ्यांसारखी. ते सगळे प्रवासी मोजले तर चार हजार वस्तीचं गावही आकड्यांत फुगतं. म्हणून पक्का रस्ता नसलेल्या विमानतळांसाठी फक्त १०० मैल किंवा त्याहून लांबच्या टप्प्यांवर निघालेले प्रवासीच मोजायचे, असं लिहिलं. कुणीतरी तिथे जाऊन बघितलेलं दिसतं.

हे बोलत असताना तिनं विचारलं, आपल्याकडे असं काही आहे का. आहे, पण वळण वेगळं. उडान योजनेत, म्हणजे एप्रिल २०१७ मध्ये सिमल्याबरोबर ज्या दिवशी नांदेड–हैदराबादचं विमान उडालं त्या योजनेत, राज्यांनी त्या विमानतळांवर इंधनावरचा व्हॅट १ टक्का किंवा कमी ठेवायचा असतो. सवलत टाकीत जाते, प्रवाशाच्या तिकिटावर दिसत नाही. तिकिटावर दिसणारी माफी ईशान्येकडच्या राज्यांना आहे: तिथून निघणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या इकॉनॉमीच्या प्रवासाला जीएसटी नाही. त्यात पश्चिम बंगालचा एकच विमानतळ नाव घेऊन घातला आहे, बागडोगरा. तिथे मैल मोजायचे नाहीत की माणसं मोजायची नाहीत. नाव असलं की झालं. तपासणाऱ्याला हे सोपं पडतं हे कबूल करतो.

दुसरं तिकीट

पुढच्याच आठवड्यात ग्लासगोचं आणखी एक तिकीट आलं, दुसऱ्या एजंटचं. तोच मार्ग, चार टप्पे, आणि झेडपी शून्य. तक्ता आता दुरुस्त झालेला. सॉफ्टवेअरनं दहा डॉलर कमी असा शेरा मारला. मी जपून होतो. आदल्या चटक्यानंतर ती हे सोडून देईल असं वाटलं होतं.

तिनं सोडलं नाही. मेमोच्या शेऱ्यात तिनं चारही टप्पे एकाखाली एक लिहिले, दोघांपुढे माफ, दोघांपुढे ५, आणि खाली एक ओळ: सूट ग्लासगोला लागणाऱ्या टप्प्यांना, बिलिंग्ज–डेन्व्हर दोन्ही बाजूंनी करपात्र. एजंटनं गावाचं नाव बघून अख्खं तिकीट माफ करून टाकलं होतं. आम्ही गावाचं नाव बघून उलटं केलं होतं, एवढाच फरक. या वेळी आक्षेप आला नाही, पैसे आले.

आता दर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या कॅलेंडरवर लाल नोंद येते: ‘झेडपी – गावांची यादी’. परवा ती स्क्रीनवर उघडी राहिली होती. पलीकडच्या टीममधला एकजण डबा घेऊन जाता जाता थबकला आणि म्हणाला, “काय गं, गावाकडं निवडणूक लागली का?”